हिवाळाभर जपलेल्या दोन बॅटऱ्या

बाबा,

तुम्हाला जाऊन आज पंचवीस दिवस झाले. पहिले दोन आठवडे घरात माणसं होती. अ‍ॅशबर्नमधल्या आपल्या ओळखीच्या सगळ्या घरांतून डबे येत होते. रोज कुणाची ना कुणाची खिचडी, आणि रोज कुणीतरी सोफ्यावर बसून हळू आवाजात विचारायचं, "त्रास नाही ना झाला फार?" आता ते थांबलंय. निखिल परत डेटा सेंटरच्या ड्यूटीवर जातो, रेवा शाळेत जाते, मी वरच्या खोलीत माझ्या मीटिंगा उरकते. बारा वाजले की खाली येते आणि "बाबा, जेवायला" असं म्हणायला तोंड उघडते. काल तर अर्धं म्हणूनही झालं.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एका काकूंनी तुमची माहिती मागितली होती, त्यांच्या अंकात छापायला. जन्म, गाव, नोकरी. मी लिहिलं, "वर्ध्याच्या बस डेपोत बॅटरी विभागात तेहतीस वर्षं," आणि तिथेच थांबले. पुढे काय लिहायचं? तुम्ही माझे सासरे होतात हे त्यांना माहीतच आहे. तुम्ही माझे कोण झालात, हे तीन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून हे वेगळं लिहितेय. थेट तुम्हाला.

तुम्ही आलात तेव्हा आईंना जाऊन चार महिने झाले होते. निखिल तुम्हाला वर्ध्याहून इथे अमेरिकेत घेऊन आला. तुमच्या बॅगेत कपडे कमी आणि सामान जास्त होतं. धोतराच्या घड्यांत गुंडाळलेली काचेची एक जाड नळी होती, वर रबरी फुगा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली म्हणे, आणि तुम्ही त्याला म्हणालात, "बॅटरी डॉक्टर." त्याने हसून सोडून दिलं. मी ती नळी पाहिली तेव्हा मनात म्हटलं, हे काय आणलंय यांनी, इथे हिचं काय काम! मोठ्याने म्हटलं नाही, पण तुम्हाला कळलं असावं. तुम्ही ती उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीत आणि वर्षभर तिचं नाव काढलं नाहीत.

ते पहिलं वर्ष मला आठवलं की आता लाज वाटते. आपण दोघंच दिवसभर घरात असायचो. तुम्ही खाली खिडकीपाशी, मी वर लॅपटॉपपाशी. तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती, आणि इथे गाडीशिवाय जायचं कुठे? फूटपाथ आपल्या कॉलनीच्या तोंडाशी संपतो. तुम्ही तिथपर्यंत जाऊन परत यायचात. सकाळी वर्ध्याला सदाशिवकाकांना व्हिडिओ कॉल लावायचात. डेपोतले तुमचे जोडीदार, तुमच्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झालेले. त्यांच्याशी बोलताना तुमचा आवाज वेगळाच असायचा, खणखणीत. कॉल संपला की परत तो दबलेला, पाहुण्यासारखा आवाज. "मुग्धा, चहा ठेवू का? चालते ना?" स्वतःच्या मुलाच्या घरात चहा ठेवायला तुम्ही परवानगी मागत होतात, आणि मी मान हलवून ती देत होते.

ट्रेलर त्याच्या आधीचा. सगळं जग बंद होतं त्या वर्षी निखिलने हौसेने घेतला होता, झोपायची सोय असलेला, गाडीमागे ओढायचा. उन्हाळ्यात आम्ही डोंगरात जायचो, एकदा समुद्रावर गेलो. पहिली थंडी पडली की तो गावाबाहेर एका मोकळ्या आवारात नेऊन ठेवायचा, तिथे बोटी आणि ट्रेलर रांगेने उभे असतात. त्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही निखिलला जेवताना म्हणालात, "त्या गाडीच्या बॅटऱ्या काढून आणून घे घरी."

"बाबा, मेन स्विच बंद केलाय. काही होत नाही."

"गॅसचा अलार्म थेट बॅटरीवर असते ना? तो पीतच राहते थोडं थोडं. उतरलेली बॅटरी गोठते. भरलेली गोठत नाही."

"बरं, बघतो," निखिल म्हणाला. तो फोनकडे बघत होता. ऑन-कॉल होता. बघायचं राहून गेलं.

एप्रिलमध्ये आपण सगळे गेलो ट्रेलर आणायला. निखिलने पुढच्या दांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. एका बॅटरीचं पोट फुगलं होतं, दुसरीला खालून वरपर्यंत तडा गेला होता आणि डब्यात ॲसिड सुकून पांढरा थर बसला होता. निखिलने मान खाली घातली. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तुम्ही बोलणार, मी असते तर बोललेच असते. पण तुम्ही खाली बसलात, तडा गेलेल्या बॅटरीवर हात ठेवलात, जसा आजारी जनावरावर ठेवतात, आणि म्हणालात, "कंपनी चांगली होती."

नव्या बॅटऱ्या आल्या, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. बूट घालून दारात उभे राहिलात. "चला. बॅटऱ्या आणू." निखिलला कामावर जायचं होतं, म्हणून मी गाडी काढली. आवाराचा मालक, तो पांढऱ्या दाढीचा मोठा माणूस, तुम्ही पाना कसा धरता हे बघत बाजूला उभा राहिला. तुम्ही आधी मायनसची वायर काढलीत, मग प्लसची, आणि प्लसच्या वायरीला पूजेच्या डब्यातला लाल दोरा बांधलात. "हा प्लस, म्हणजे लावताना विसरायला नको." मालकाने मला विचारलं, तुझे वडील मेकॅनिक आहेत का? सासरे आहेत, असं सांगणार होते. "हो," एवढंच म्हणाले. बोलणं लांबवायचा कंटाळा म्हणून तसं म्हटलं होतं, बाबा. आज ते आठवलं की बरं वाटतं, पण तेव्हाचं कारण कंटाळाच होतं. तुमच्याशी आता खोटं बोलून काय करू?

आणि मग ती टॉवेलांची भानगड झाली. गॅरेजमध्ये थंडी म्हणून तुम्ही बॅटरीतल्या कप्प्यांची, म्हणजे सेलची, झाकणं लाँड्रीच्या खोलीत धुतलीत आणि हात माझ्या नव्या टॉवेलांना पुसलेत. मशीनमधून टॉवेल निघाले ते ॲसिडने भोकं पडूनच. त्या दिवशी माझं ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं. मी टॉवेल तुमच्यासमोर धरून ओरडले, "बाबा, हे घर आहे, तुमचा डेपो नाहीये!"

तुम्ही म्हणालात, "हाव. चुकलं." आणि गॅरेजमध्ये निघून गेलात.

पुढचे दोन दिवस तुम्ही प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर ठेवत होतात. पाना, ब्रश, खायच्या सोड्याची वाटी. जेवायला यायच्या आधी बाहेरच्या नळावर, त्या बर्फासारख्या पाण्यात हात धुऊन यायचात. तुमची बोटं लाल झालेली मला ताटाशी दिसायची. मला सॉरी म्हणता आलं नाही. आमच्या पुण्याच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नव्हती, आणि इथे येऊन मी ऑफिसात दिवसातून वीस वेळा म्हणायला शिकले, पण घरात नाही. तिसऱ्या दिवशी मी लंचच्या सुट्टीत गॅरेजमध्ये आले आणि म्हटलं, "मला शिकवा ना हे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू? मीटिंग नाही का तुझी?"

"एक तास आहे माझ्याकडे."

"जुनं शर्ट घालून ये मग. आन् अंगठी काढून ठेव."

अंगठी कशाला, मी विचारलं. तेव्हा तुम्ही डावा हात पुढे केलात. बोटाच्या मुळाशी पांढरी गोल खूण होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पान्याचं एक टोक प्लसवर, दुसरं चुकून बसच्या लोखंडाला लागलं, आणि मधे तुमची लग्नातली अंगठी. ती तिथेच तापून लाल झाली. म्हणून मायनस आधी काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा. आईंनी नंतर तुम्हाला कधी अंगठी घालू दिली नाही. मला तोवर वाटायचं, तुमच्या हातात काही नसतं ते बायको गेली म्हणून.

त्या हिवाळ्यात दर महिन्याला एका शनिवारी आपण ते करायला लागलो. गॅरेजचं दार वीतभर वर उचलायचं, कारण चार्ज होताना निघणारा वायू कोंडला तर घातक. टर्मिनलवरचा पांढरट फुलोरा सोड्याच्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा. चार्जर लावायचा. चार्ज झाल्यावर तासभर थांबायचं, मग झाकणं उघडून काचेच्या नळीत थोडं थोडं ॲसिड ओढून आतला तरंगता काटा वाचायचा; बाराशे साठच्या आसपास म्हणजे सेल भरलेला, बाराशेच्या खाली म्हणजे उतरलेला. तुम्ही विचारायचात, "किती?" मी म्हणायची, "बाराशे साठ." "परत पाह. डोळा पाण्याच्या रेषेत आण." "बाराशे पासष्ट." "आता बरोबर." मग डिस्टिल्ड वॉटर, प्लेटी बुडून वर थोडं, काठोकाठ नाही. दोन बॅटऱ्या, बारा सेल. आकडे तुम्ही खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहायचात. ती भिंत मी आधी कुणाला खिळाही मारू देत नव्हते.

बॅटऱ्या तुम्ही लाकडी फळीवर ठेवायचात. मी फोनवर वाचून सांगितलं की सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते ही जुनी समजूत आहे, आता प्लास्टिकचे डबे असतात, काही फरक पडत नाही.

"असेल," तुम्ही म्हणालात.

"मग फळी कशाला?"

"हे ज्यानं लिहिलं, त्याची कंबर दुखत नसेल. फळीवर ठेवली की उचलताना दोन इंच कमी वाकावं लागते."

मी हसले. तुम्हीही हसलात. या घरात तुम्ही मोकळेपणाने हसलेलं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

तुमच्या पोराला तुम्ही एकदा विचारलं होतंत, "तुझ्या तिथे म्हणते खोल्या भरभरून बॅटऱ्या आहेत. त्यांना पाणी कोण टाकते?" निखिल म्हणाला, "बाबा, त्या सील्ड असतात. पाणी लागत नाही." तुम्ही भात कालवलात. "मग माणूस काहून लागते?" निखिल म्हणाला, "स्क्रीन बघायला." त्याला वाटलं विनोद झाला. मला वाटतं तुम्ही खरंच विचारत होतात की तू दिवसभर काय करतोस, पोरा. तेवढं एकच दार तुम्हाला ठाऊक होतं त्याच्या कामात शिरायचं. मी ते निखिलला तेव्हाच सांगायला हवं होतं.

चार्जर चालू असताना आपण घडीच्या खुर्च्यांवर बसायचो, पायांवर शाल घेऊन. तुम्ही बोलायचात. थंडीत पहाटेच्या बसगाड्या चालू व्हायच्या नाहीत, स्टँडवर लोक ताटकळायचे, आणि तुम्ही हातगाडीवर चार्ज केलेल्या बॅटऱ्या घालून एका बसपासून दुसऱ्या बसपर्यंत फिरायचात. एकेक इंजिन लागलं की ड्रायव्हर हात वर करायचा. मॅट्रिकची परीक्षा असायची तेव्हा तुम्ही घरी जायचाच नाहीत. "एखाद्या पोराचा पेपर माझ्या बॅटरीपायी बुडाला असता, तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

अशाच एका शनिवारी तुम्ही मला विचारलंत, "तुझे बाबा गेले तेव्हा तुले जाता नाही आलं ना?"

कुणीच विचारत नाही हे मला, बाबा. सगळ्यांना माहीत आहे की विमानं बंद होती, म्हणून कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "नाही. भावाने व्हिडिओ कॉल लावला होता."

"पाहिलं?"

"नाही. मी फोन बंद केला. सगळ्यांना सांगितलं नेटवर्क गेलं."

निखिललासुद्धा मी हे सांगितलेलं नव्हतं. तुम्ही पायांवरची शाल सारखी केलीत. मग म्हणालात, "बरं केलं. मी तिथे उभा होतो तरी हिच्या वेळी डोळे मिटूनच घेतले. लोकांना वाटलं प्रार्थना करून राहिला." आणि उठून चार्जरचा दिवा हिरवा झाला का ते पाहायला गेलात. मला रडायला तेवढी जागा देऊन.

त्या दिवसानंतर तुम्ही चहा ठेवायला विचारलं नाहीत. थेट ठेवायला लागलात.

आता ते लिहिते ज्यासाठी खरं तर लिहायला बसलेय.

या नोव्हेंबरमध्ये बॅटऱ्या घरी आणून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तुले सगळं येते. मी वर्ध्याला जाऊन येतो. थंडी तिकडेच काढतो."

मी म्हटलं, "एकटे?"

"घर आहे माझं तिथे. सदाशिव आहे."

"सदाशिवकाका तुमच्याच वयाचे आहेत. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, बाबा. रात्रीअपरात्री काही झालं तर?"

"झालं तर झालं."

"तुम्हाला म्हणायला सोपं आहे. आम्हाला इथून निघून पोचायला दोन दिवस लागतात. मला परत एकदा फोनवर बघायचं नाहीये कुणाला!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "मुग्धा, तुझ्या बापाचं दुःख तू माझ्यावर काहून टाकून राहिली?"

मला ते लागलं. मी पुढे बोलले ते त्या लागण्यातून बोलले. म्हटलं, "निखिलला विचारा मग. त्याला चालत असेल तर जा. तिकीट काढून देईल." मला माहीत होतं की तुम्ही निखिलकडे मागणार नाही. वीस वर्षांत तुम्ही त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. माहीत असून मी तुम्हाला तिकडे ढकललं. तुम्ही आठ दिवस वाट पाहिलीत, मी परत विषय काढते का म्हणून. मी काढला नाही. तुम्हीही नाही. डिसेंबरचा शनिवार आला आणि आपण गॅरेजमध्ये बसलो, आकडे वाचले, भिंतीवर लिहिले. आपण बॅटऱ्यांबद्दल बोललो, रेवाच्या गणिताबद्दल बोललो. वर्ध्याबद्दल बोललो नाही. मला वाटलं, विसरलात. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

जानेवारीत, बर्फ पडून गेलेल्या सकाळी, तुम्ही खाली बूट घालायला बसलात आणि एकच बूट घातलात. मी वरून हाक मारली, तुम्ही ओ दिली नाहीत. खाली आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, घाम फुटलेला, आणि म्हणालात, "थांब जरा, होते बरं." मी नाइन-वन-वनला फोन केला. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली असेल. त्या सात मिनिटांत मी तुमच्या दुसऱ्या पायातही बूट घातला. का, ते मला सांगता येणार नाही.

हॉस्पिटलात दोन दिवस मिळाले. निखिल होता, मी होते, रेवा येऊन गेली. "आबा, गेट वेल सून," ती म्हणाली आणि तुम्ही तिला मराठीत म्हणालात, "हाव, पोट्टे." सगळं जसं मला हवं होतं तसं झालं. सगळे वेळेत पोचले. कुणाला फोनवर बघावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल कॉफी आणायला गेला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि खिडकीकडे बघत विचारलंत, "हे कोणतं गाव आहे?"

मी म्हटलं, "अ‍ॅशबर्न, बाबा. आपलं घर जवळच आहे."

तुम्ही मान हलवलीत, जशी बसमध्ये शेजारच्याने भलतंच गाव सांगितलं की माणूस हलवतो. मग डोळे मिटलेत. माझ्याशी तेवढंच शेवटचं.

ते मी अजून कुणाला सांगितलं नाही. निखिललाही नाही. मी तुम्हाला वेळेत गाठलं, बाबा, पण तुमचं गाव मात्र तुम्हाला गाठू दिलं नाही. माझ्या बाबांच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. तुमच्या वेळी होतं, आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. ते प्रेमही होतं, हे तुम्हाला कळत असणार. पण भीती त्याहून मोठी होती, आणि हेही तुम्हाला कळलंच होतं. त्या दिवशी तुम्ही मला तेच तर म्हणालात.

तर आज सकाळी मी एकटी गॅरेजमध्ये गेले. मागची तपासणी होऊन महिना उलटून गेला होता. दार वीतभर उचललं, दोन्ही बॅटऱ्या चार्ज केल्या, तासभर बसले, मग झाकणं उघडली. अकरा सेल ठीक होते. दुसऱ्या बॅटरीचा तिसरा सेल अकराशे ऐंशी दाखवत होता. मी परत पाहिलं, डोळा पाण्याच्या रेषेत आणून. अकराशे ऐंशीच. ही बॅटरी गेली की वाचेल, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. तेवढी वेळच आली नव्हती. नवी आणता येते, मला ठाऊक आहे, अर्ध्या तासात आणता येते. पण मला ती टाकवत नव्हती, आणि विचारायला कुणी नव्हतं. मी तुमच्या फोनवरून सदाशिवकाकांना व्हिडिओ कॉल लावला.

स्क्रीनवर तुमचं नाव बघून ते क्षणभर घाबरले असावेत. मग मला पाहून म्हणाले, "बोल बेटा." मी त्यांना नळी दाखवली, सेल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांशी नेला.

"एकदम मेली म्हणू नको," ते म्हणाले. "बारीक करंटवर अजून चार-सहा घंटे लाव. मंग पाह. वर चढला काटा तर जगते. नाही चढला तर सोडून दे, वाईट वाटून घेऊ नको."

तेवढ्यात निखिल दारात आला. आज त्याला सुट्टी होती. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा या कामाच्या वेळी गॅरेजमध्ये आला. त्याने भिंतीवरचे तुमच्या हातचे आकडे पाहिले, खालपासून वरपर्यंत, आणि मग माझ्या हातातून फोन घेतला.

"काका," तो म्हणाला, आणि मी कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून तुमची बोली ऐकली, "बाबा यायचं म्हणत होते का जी तिकडे?"

मला वाटलं, काका सांभाळून घेतील. नाही म्हणतील. वयस्कर माणसं अशा वेळी तसं बोलतात. पण ते तुमचे मित्र होते.

"म्हणे ना. रोज म्हणे. येतो म्हणे या हप्त्यात," काका म्हणाले. "आन् रोजच एक कारणही सांगे. म्हणे पोट्टीची परीक्षा होऊ दे. म्हणे सूनबाईला अजून सगळं येत नाही. मी म्हणो, अरे, बहाणे काहून करतं? तं हासे."

"कोणी अडवलं होतं म्हणाले का?" निखिलने विचारलं.

मी नळी फळीवर ठेवली.

"नाही बा. तसं कधी नाही बोलला."

निखिलने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला काही माहीतच नव्हतं. मग मी तिथेच, फोन चालू असतानाच, काका ऐकत असतानाच, त्याला सगळं सांगितलं. नोव्हेंबरचं भांडण, मी काय बोलले, तुम्ही काय बोललात, ते गावाचं नाव विचारणं. सांगून झालं तेव्हा काका तिकडे डोळे पुसत होते. निखिल खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला विचारायला सांगितलं होतंस ना त्यांना? त्यांनी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं माहीत आहे? म्हटलं असतं, बघतो."

तो रडला, बाबा. मी रडले. चार्जर गुणगुणत होता.

अस्थी घेऊन आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय. तिघंही. सदाशिवकाका म्हणाले, घराची किल्ली त्यांच्याकडे आहे, झाडून ठेवतो, आणि डेपोतली जुनी माणसं येणार आहेत. रेवाने विचारलं, "विल आय लाइक इट देअर?" मी म्हटलं, ठाऊक नाही, मीही तिथे कधी दोन दिवसांहून जास्त राहिलेली नाही. यावेळी राहणार आहे. तुम्ही ज्या स्टँडवर उभे असायचात तिथे पहाटे जाऊन उभी राहणार आहे.

तुम्ही काकांना माझं नाव सांगितलं नाहीत. ते तुम्ही मला वाचवण्यासाठी केलंत, की तुमच्या मनात मी खरंच तुम्हाला अडवलेलं नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहते, आणि दोन्ही बाजूंनी मान खाली जाते.

माफ करा, बाबा. हे मला तुम्ही समोर असताना म्हणायचं होतं.

तुमची,
मुग्धा